मागे सरकणारा फ्रीज

वीज आली. पंखा फिरला, देवघरातला छोटा दिवा लागला, समोरच्या घरातल्या टीव्हीनं बोंब ठोकली. फ्रीज मात्र गप्पच राहिला.

मी खुर्चीतून उठलो. ज्योत्स्ना ओट्याशी कैरी किसत होती. तिनं मागं वळूनसुद्धा पाहिलं नाही.

"होईल सुरू," ती म्हणाली. "आत्ताच तर लाइन आली. दम धरा ना जरा."

मी दम धरणाऱ्यांतला नाही. कृषी विद्यापीठात बियाण्यांच्या शीतगृहावर माझी सगळी नोकरी गेली. गारवा म्हणजे काय आणि तो किती लवकर पळतो, हे मला ठाऊक आहे. अकोल्याच्या मे महिन्यात तर तो पाय लावूनच पळतो.

सकाळी वादळ आलं होतं. शहराबाहेर मुख्य लाइनचे मनोरे वाकले आणि ते उभे व्हायला दोन दिवस लागतील, असं रेडिओ सांगत होता. तोवर आमच्या नवजीवन कॉलनीला आधार होता गच्च्यांवरच्या सौर तक्त्यांचा आणि गेटजवळच्या बॅटरीघराचा. दुपारी कॉलनीच्या समितीनं ते सुरू केलं, म्हणून ही वीज. पंखे-दिवे सगळ्यांना. फ्रीज, कूलर वगैरे जड गिऱ्हाइकं आपापल्या नंबरानं.

आमच्या फ्रीजच्या मधल्या फळीवर, बर्फाच्या पिशव्यांत गुंडाळलेल्या स्टीलच्या डब्यात दोन कुप्या होत्या. कुप्यांत ज्योत्स्नाच्याच रक्तातल्या पांढऱ्या पेशी होत्या. नागपूरच्या एका प्रयोगशाळेनं त्या पेशींना ज्योत्स्नाच्या फुप्फुसातल्या गाठीची ओळख करून दिली होती, 'ही आपली नाही, हिला सोडू नका' असं शिकवून गारठ्यात निजवून ठेवलं होतं. टोचल्या की जाग्या होतात आणि अंगात कुठं त्या जातीचा कण उरला असेल तर शोधून मारतात. आधीच्या मात्रांनी काम केलं होतं. गाठ काढल्यावरही छातीच्या फोटोत उरलेला डाग विरत चालला होता. या शेवटच्या दोन राहिल्या होत्या. त्या खराब झाल्या तर नव्या करता येणार नव्हत्या, कारण शिकवायला गाठ लागते आणि गाठ तर डॉक्टरांनी काढून संपवलेली.

या पेशी गोठल्या तरी मरतात, उबल्या तरी मरतात. म्हणून कुपीवर एक गोल ठिपका असतो आणि त्यात एक चौकोन. चौकोन गोलापेक्षा फिका असेल तोवर औषध जिवंत. दोन्हींचा रंग एक झाला की फेकून द्यायचं. सकाळी चौकोन पांढरा शुभ्र होता. आत्ता मी डबा उघडून पाहिलं, तर त्यावर जांभळी झाक आली होती.

मी बाह्या सरसावल्या.

आधी प्लग काढून पुन्हा लावला. मग त्याच सॉकेटमध्ये मिक्सर लावून रिकामाच फिरवला. तो असा किंचाळला की ज्योत्स्नाच्या हातून किसणी निसटली. म्हणजे सॉकेटात वीज होती. स्टॅबिलायझर तपासला, तोही ठीक. फ्रीज भिंतीपासून ओढला. मागं धूळ होती, वाळून खडखडीत झालेलं लिंबू होतं आणि गेल्या वर्षी हरवलेला माझा चष्मा होता. मागच्या नळ्या ब्रशनं झाडल्या. कॉम्प्रेसरवर हात ठेवला. थंड पडलेला. कान लावला, तर आत काहीच नाही.

आणि दारावरच्या पडद्यावर हिरवी अक्षरं शांतपणे सांगत होती: 'सर्व ठीक. प्रतीक्षेत.'

"कशाची प्रतीक्षा रे तुला?" मी ओरडलो. "मुहूर्ताची?"

"फ्रीजवर काय खेकसून राहिले?" ज्योत्स्ना म्हणाली. "कंपनीच्या पोरीला फोन लावा."

कंपनीच्या पोरीचं नाव मृण्मयी. ती पुण्यात बसून कुणाच्याही फ्रीजच्या पोटात पाहू शकते. तिनं आमच्याही पाहिलं.

"काका, फ्रीज ठणठणीत आहे," ती म्हणाली. "बिघाड काहीच नाही. तो रांगेत उभा आहे."

"मग नंबर कधी लागणार?"

"तेच मला कळत नाहीये. तुमच्या गेटवर बोर्ड असेल ना? जरा जाऊन बघता? तोवर मी याची जुनी नोंद तपासते."

मी चपला अडकवल्या. ज्योत्स्ना दारापर्यंत आली आणि हळूच म्हणाली, "काय आहे फ्रीजमध्ये ते कोणाले बोलू नका."

"नाही बोलत," मी म्हणालो. मागच्या दिवाळीपासून तेच करत होतो. तिच्या आजाराचं कॉलनीत एकालाही माहीत नव्हतं. नागपूरला जायचं तर भाचीकडे जातो, केस गेले तर उष्णतेनं गेले. कारण विचारलं की म्हणायची, "लोक डबे घेऊन येतील. मले पाहून डोळ्यांत पाणी आणतील. आजवर मी दुसऱ्यांकडे डबे नेले, आता हे सोंग कुठं घेऊ?"

गेटवर अढाऊ उभे होते. अढाऊ म्हणजे आमच्या समितीचे अध्यक्ष. डोक्यावर ओला पंचा, हातात मोबाइल, आणि चेहऱ्यावर सगळ्या विदर्भाची वीज आपणच सांभाळतो असा भाव. त्यांच्या डोक्यावर तो मोठा बोर्ड. घरांचे क्रमांक खालून वर सरकत होते. क्रमांक पहिल्या ओळीला पोचला की त्या घराचा फ्रीज सुरू, खालचे थांबलेले. चौदा क्रमांक, म्हणजे आमचं घर, तळातून वर येत होता. मी खूश झालो. सातवा, पाचवा, तिसरा. दुसरा. आता लागणारच.

चौदा क्रमांक मिचमिचला आणि थेट तळाला गेला.

"अढाऊ!" मी भडकलो. "हा काय चावटपणा आहे?"

"मी काय केलं?"

"आमचा नंबर खाली कोणी ढकलला?"

"गावंडे, मी कायले ढकलू? मी तर हातबी लावला नाही." अढाऊंनी मोबाइल खिशात घालून दोन्ही हात वर केले. "दुपारपासून पाहून राहिलो ना मी. तुमचाच फ्रीज मागं सरकून राहिला. नंबर आला की 'तुम्ही व्हा पुढं' म्हणते अन् जाऊन मागं उभा राह्यते. लय गरीब स्वभावाचा फ्रीज आहे बाप्पा."

मला हसू आलं नाही. माझ्यासमोर चौदा क्रमांक पुन्हा चढला, दुसरा झाला आणि पुन्हा आपणहून तळाला गेला.

घरी आलो तेव्हा मृण्मयीचा फोन ओट्यावर चालूच होता आणि ज्योत्स्ना खाली मान घालून ऐकत होती.

"काका, सापडलं," मृण्मयी म्हणाली. "पण जरा नीट ऐका."

तिनं सांगितलं ते मी माझ्या शब्दांत सांगतो. एरवी कॉलनीतले सगळे फ्रीज कधीच एकदम चालत नाहीत. कुणाचा धडधडत असतो, कुणाचा गार होऊन थांबलेला असतो. घरातली माणसं भूक लागेल तसं जेवून जातात, तसं ते असतं, म्हणून एक रोहित्र सगळ्यांना पुरतं. पण वीज जाऊन आली की सगळेच उबलेले. सगळ्यांना एकदम बसायचं असतं. त्यात कॉम्प्रेसर सुरू होताना पहिल्या झटक्याला नेहमीच्या कितीतरी पट वीज ओढतो. अख्खी पंगत एकदम बसली आणि वाढपी एकच, तर पातेलं उलटणारच. तसंच रोहित्र जळतं, पुन्हा अंधार.

म्हणून हल्लीच्या फ्रीजमध्ये रांगेची चिप असते. वीज आली की या चिपा आपसात बोलतात आणि कुणी आधी, कुणी नंतर, ते ठरवतात. आत किती उबलं आहे हे त्या बघतात. शिवाय प्रत्येक घराला किती घाई असते, तेही शिकतात. आणि शिकतात ते घरातल्या माणसांकडून. शेजाऱ्याला गरज असली की पडद्यावर प्रश्न येतो: 'तुमचा नंबर मागच्याला द्यायचा?' माणूस 'हो' म्हणतो किंवा 'नाही'.

"काकूंनी फ्रीज घेतल्यापासून दर वेळी 'हो' म्हटलंय," मृण्मयी म्हणाली. "एकदाही 'नाही' नाही. मग चिपनं विचारणंच बंद केलं. तिला वाटलं, या घराला कधीच घाई नसते. आता नंबर आला की ती काकूंच्या वतीनं स्वतःच 'हो' म्हणते. एरवी काही बिघडत नाही, रांग लवकर संपते. पण आज वीजच तुटपुंजी आहे. रांग संपणारच नाही, आणि तुमचा फ्रीज काही लागणार नाही."

मी ज्योत्स्नाकडे पाहिलं. लग्नात शेवटच्या पंगतीला बसणारी ही बाई. माहेरच्या माणसांना, सासरच्या माणसांना, धुणं-भांड्यांच्या बाईला वाढून झाल्यावर पातेल्यातच पोळी पुसून खाणारी. माझ्या फ्रीजला हिनं स्वतःसारखं करून ठेवलं होतं.

"आज एक वेळ नंबर मिळाला तरी पुरेल का?" मी मृण्मयीला विचारलं. "आत औषध आहे. पेशींचं."

पलीकडचा आवाज एकदम बदलला. "काका! हे आधी सांगायचं ना! नंबरानं मिळालेल्या विजेवर भाजी टिकते, पेशी टिकत नाहीत. त्यांना अखंड वीज हवी. त्यासाठी 'औषध' अशी नोंद करावी लागते. मग तो फ्रीज रांगेतूनच बाहेर, कायम चालू. पण नोंद रुग्णानं स्वतः करायची, स्वतःच्या अंगठ्यानं. ती मला इथून करता येत नाही."

ते का, हे आम्हाला माहीत होतं. ही सोय आली तेव्हा आमच्या कॉलनीतली निम्मी घरं एकदम आजारी पडली होती. कुणाच्या लोणच्याला औषध म्हटलं, कुणाच्या बियरला. मग सभेत ठराव झाला, की ज्याला औषधाची वीज हवी त्यानं अंगठा द्यायचा आणि त्याचं नाव गेटच्या बोर्डावर झळकेल, म्हणजे खोटं बोलायची लाज वाटेल. ठरावाला अनुमोदन दिलं होतं सौ. ज्योत्स्ना गावंडे यांनी. तेव्हा त्या ठणठणीत होत्या.

"अजून एक," मृण्मयी म्हणाली. "तुमच्या बॅटरीवर अखंड वीज द्यायची तर कुठलं तरी मोठं यंत्र पूर्ण थांबवावं लागेल. सगळ्यात जास्त वीज खातोय तो बारा क्रमांकाचा डीप फ्रीझर."

बारा क्रमांक म्हणजे शुभांगी तायडे. आम्रखंड आणि कुल्फीच्या ऑर्डरी घेणारी, ज्योत्स्नाला काकू म्हणणारी. तिच्या फ्रीझरमध्ये उद्याच्या वास्तुशांतीचं आम्रखंड भरलेलं होतं, ते अख्ख्या कॉलनीला माहीत होतं. पहाटेपासून आंब्याचा वास सुटला होता.

ज्योत्स्नानं हात पदराला पुसले.

"राहू द्या," ती म्हणाली.

"काय राहू द्या?"

"दोनच तर मात्रा राहिल्या. डाग तर गेलाच आहे बहुतेक. शुभांगीची पहिली मोठी ऑर्डर आहे हो. किती दिवसांपासून मागं लागली होती ती त्या गिऱ्हाइकाच्या. तिचा माल नासवू का मी?"

"बहुतेक गेला? बहुतेक?" माझा आवाज चढला आणि मी तो उतरू दिला नाही. "ज्योत्स्ना, आम्रखंड पुन्हा करता येतं. उद्या नाही तर परवा. तू पुन्हा करता येत नाहीस. मला तू पाहिजेस. कॉलनीला काय वाटायचं ते वाटू दे, मला तू पाहिजेस. कळलं?"

इतक्या वर्षांच्या संसारात असं मी तिला कधी बोललो नव्हतो. फोनवर मृण्मयी ऐकत होती, त्याचंही भान राहिलं नाही.

ज्योत्स्ना फ्रीजकडे गेली. दार उघडून तिनं डब्यातली एक कुपी काढली, खिडकीच्या उजेडात धरली आणि बराच वेळ त्या चौकोनाकडे पाहत राहिली. चौकोन अजून फिका होता, पण फार फिका नव्हता. तिनं कुपी जागेवर ठेवली, दार घट्ट लावलं.

"येते शुभांगीकडे जाऊन."

"सांगायला जातेस की विचारायला?"

ती उंबऱ्यावर थांबली. पाठमोरीच म्हणाली, "सांगायले."

मी मागोमाग गेलो. शुभांगी पुढच्या खोलीत डब्यांवर चिठ्ठ्या चिकटवत होती. पंख्याखाली घामाघूम झालेली, गालाला केशर लागलेलं.

"या ना काकू! काकाजी, बसा. चाखून पाहा बरं, वेलची जास्त तर नाही झाली?"

"शुभांगी," ज्योत्स्ना उभ्यानंच म्हणाली, "तुझा फ्रीझर आता बंद होईल. मी बंद करून राहिली. माझ्या फ्रीजले वीज पाहिजे. मले कॅन्सर झाला होता, त्याचं औषध आहे आत. ते उबलं तर दुसरं मिळत नाही."

एका दमात सगळं. मध्ये कुठं 'माफ कर', 'चालेल का', 'तुझं नुकसान होईल गं' असं काही नाही. ती वाक्यं तिच्या घशात अडकलेली मला दिसत होती. तिनं ती गिळली.

शुभांगीच्या हातातली चिठ्ठी तिच्याच बोटाला चिकटून राहिली.

"माय व!" ती म्हणाली. "कधीपासून?"

"दिवाळीपासून."

"दिवाळीपासून? अन् दिवाळीत तुम्ही मह्या घरी बसून चकल्या तळून दिल्या मले? त्या आगीपुढं? अन् मी तुमाले 'अजून एक घाणा काढा ना काकू' म्हणून राहिली होती!" तिचा चेहरा लाल झाला. मला वाटलं रडेल, पण ती चिडली. चांगलीच चिडली. "एवढी परकी का मी? सांगाले काय झालं होतं? काकू, तुमी ना... जा आता! उभ्या काय राहिल्या? जा, आधी लावा तो फ्रीज!"

"तुझं आम्रखंड..."

"आम्रखंडाचं माझं मी पाहीन! जा!"

आम्ही जवळजवळ पळतच घरी आलो. मृण्मयी फोनवर होतीच. तिनं सांगितलं तसं ज्योत्स्नानं पडद्यावर 'औषध' निवडलं आणि अंगठा टेकवला. पडदा क्षणभर विचारात पडला. मग अक्षरं आली:

'चौदा क्रमांकाला अखंड वीज. बारा क्रमांक थांबेल. सुरू करायचं?'

खाली दोन चौकटी होत्या. एक मोठी, ठळक: 'राहू द्या'. दुसरी कोपऱ्यात, बारीक: 'सुरू करा'. या घरात काय लागतं ते चिपला पाठ होतं. नेहमीचं तिनं हाताशी ठेवलं होतं आणि कधी न लागणारं कोपऱ्यात सरकवलं होतं.

ज्योत्स्नाचं बोट सवयीनं मोठ्या चौकटीकडे गेलं. टेकणार, एवढ्यात हवेतच थांबलं. मी तिचा हात धरायला पुढं झालो. तिनं मला डाव्या हातानं मागं सारलं. तिला मदत नको होती. तिनं चष्मा नाकावर वर ढकलला, कोपऱ्यातली बारीक अक्षरं शोधली आणि त्यांच्यावर बोट असं दाबलं की नख पांढरं पडलं.

'तुम्ही सहसा आपला नंबर सोडता,' पडदा म्हणाला. 'नक्की?'

"नक्की रे बाबा, नक्की!" ज्योत्स्ना त्याच्यावर ओरडली. तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि आवाज मात्र खणखणीत होता. "आज आधी माझं. उद्याही माझं. औषध संपेपर्यंत माझं!"

आत कुठंतरी 'टक्' झालं. फ्रीज एकदा हादरला आणि कॉम्प्रेसर घुमायला लागला. आयुष्यभर शीतगृहाची यंत्रं ऐकली, पण इतका गोड आवाज कधी ऐकला नव्हता. मी तिथंच फरशीवर बसलो.

"मिळाली वीज," मृण्मयी म्हणाली. "आता पारा खाली येईपर्यंत दार अजिबात उघडायचं नाही. कितीही वाटलं तरी. काकू, ऐकताय ना?"

"ऐकून राहिली बेटा. तू जेवली का?"

"ज्योत्स्ना!" मी म्हणालो.

मावळतीला पडद्यावरचा आकडा हवा तिथं आला. मी झटकन दार उघडून कुपी पाहिली. चौकोन जांभळट होता, पण गोलापेक्षा फिका, नक्की फिका. तापमानाची नोंद पाहून प्रयोगशाळेच्या डॉक्टरांनीही फोनवर सांगितलं, मात्रा चालेल.

तोवर गेटच्या बोर्डानं आपलं काम केलं होतं. सगळ्यात वर, रांगेच्याही वर, 'चौदा: सौ. ज्योत्स्ना गावंडे: औषध' अशी ओळ झळकत होती. पहिले अढाऊ आले. पंचा डोक्यावरून काढून खांद्यावर घेतलेला. हातात डबा होता. मग नऊ क्रमांकाच्या बाई आल्या, डबा घेऊन. मग वीस क्रमांकाचे इंगळे, डबा आणि दोन टरबुजं घेऊन. ज्योत्स्ना ज्याला इतके महिने भ्यायली होती, ते सगळं पायऱ्या चढून वर येत होतं.

शेवटी शुभांगी आली. तिनं गिऱ्हाइकाला खरं ते सांगितलं होतं. ते निम्मा माल आजच घेऊन गेले होते, बाकीची ऑर्डर मोडली होती. उरलेलं आम्रखंड घमेल्याएवढ्या पातेल्यात घालून ती दारात उभी राहिली. डोळे अजून रागावलेलेच.

"हे टिकत नाही आता," ती म्हणाली. "तुमच्या फ्रीजमध्ये ठेवताबी येत नाही, तो औषधाचा आहे. म्हणजे आत्ताच खा लागते. सगळ्यांनी."

मग काय, आमच्या अंगणात सतरंज्या पडल्या. ताटं आमची, वाट्या शुभांगीच्या. अढाऊ अध्यक्षपणा विसरून पाणी वाढत होते. ज्योत्स्ना सवयीनं पातेल्यामागं जाऊन उभी राहिली, डाव हातात घेतला आणि भरलेली पहिली वाटी माझ्यापुढं धरत म्हणाली, "तुम्ही घ्या ना आ..."

ती मध्येच थांबली. आत स्वयंपाकघरात फ्रीज घुमत होता.

तिनं डाव शुभांगीच्या हातात दिला, वाटी घेऊन सतरंजीच्या मधोमध येऊन बसली आणि कुणाचं ताट वाढून झालं, कुणाचं राहिलं, ते न बघता खायला लागली.

"वेलची जास्त झाली गं," ती शुभांगीला म्हणाली, आणि तिनं वाटी पुन्हा पुढं केली.